उजवा कौल

गुरुवारपासून माझं बूड कुठे टेकत नव्हतं. भाजी निवडायला बसले की उठायचे, आणि उठले की कशाला उठले ते आठवेना म्हणून परत बसायचे. सून म्हणाली, "आई, सकाळपासून कितीदा फ्रिज उघडताय. मतलब, काही हवंय का?" हवं काहीच नव्हतं. रविवारी मराठी मंडळाची सभा होती. अध्यक्ष कोण व्हावं ते सभेत देवाला विचारायचं आणि विचारायचं मी, ही आमची जुनी रीत. दोन नावं होती. त्यातलं आधी कुठलं विचारायचं, एवढीच काय ती माझी मर्जी. आजवर त्या मर्जीला काडीची किंमत नव्हती. गुरुवारी दुपारी मला एक गोष्ट कळली आणि किंमत आली. त्या गोष्टीनंच मला असं घरभर फिरवलं.

आधी मंडळाचं सांगते. जयपुरातली मराठी माणसं म्हणजे बहुतेक बदलीची माणसं. बँकेची, विम्याची, केंद्र सरकारच्या ऑफिसांतली, आणि छावणीतली फौजी कुटुंबं. दोन-तीन वर्षांसाठी येतात आणि भांड्यांची खोकी पुरती सोडायच्या आत निघून जातात. आमच्यासारखी काही रुजतात. इथेच घर होतं, इथेच वाढलेली मराठी सून मिळते, आणि परत जायचं राहून जातं. या सगळ्यांचा मिळून एक गणपती. चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, एका जुन्या धर्मशाळेचा वरचा हॉल आमच्याकडे आहे. मूर्तिकारांच्या गल्लीतून करून घेतलेली काळ्या दगडाची मूर्ती तिथे बारा महिने असते.

मी जयपुरात नवी होते तेव्हा या मंडळात अध्यक्षपदावरून जुंपली होती. बँकवाले म्हणायचे, कारभार आम्हाला कळतो. फौजी म्हणायचे, शिस्त आम्हाला कळते. सभा झाली की भांडण, आणि भांडण झालं की पोहे गार. अशाच एका सभेत मी उठून उभी राहिले. तळकोकणातून आलेली, तिशीतली, बँक अधिकाऱ्याची बायको. अंबाड्यावर अबोलीचा वळेसर, आणि अक्कल त्या वळेसराएवढी. म्हटलं, "आमच्या गावात असली भांडणं होत नाहीत. आम्ही देवाला कौल लावतो."

गावात भांडणं होत नाहीत ही धादांत थाप होती. आमच्या गावात कौलावरूनसुद्धा भांडणं होत. पण परमुलखात आपलं गाव सोज्वळ होऊन बसतं.

कौल म्हणजे काय ते तिथल्या विदर्भातल्या, साताऱ्याकडच्या मंडळींना मी समजावून सांगितलं. देवाच्या अंगाला ओली पाकळी लावायची, गाऱ्हाणं घालायचं, प्रश्न विचारायचा. पाकळी देवाच्या उजव्या अंगाला पडली तर होय, डाव्या अंगाला पडली तर नाही. खरं तर गावचा गुरव बऱ्याच पाकळ्या लावायचा, कुठली कधी सुटली ते बघायचा, उलटसुलट विचारून खात्री करून घ्यायचा. पण मी ते सगळं लहानपणी मोठ्यांच्या कोपरांमधून पाहिलेलं. मला दिसली होती एक पाकळी. म्हणून मी इथे एकच ठेवली, मूर्तीच्या कपाळाच्या मधोमध. आणि ही अर्धी विद्या अशा तोऱ्यात सांगितली की कुणाची शंका काढायची छाती झाली नाही.

गाऱ्हाण्याला सगळ्यांनी काय म्हणायचं तेही पढवलं. मी म्हणणार, "बा देवा म्हाराजा", आणि बाकीच्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा." नागपूरच्या एक काकू "हो जी म्हाराज" म्हणाल्या. मागच्या रांगेतला एक तरुण कॅप्टन सवयीनं "येस सर" म्हणून गेला. देवानं चालवून घेतलं.

पहिलं नाव कुणाचं, यावर पुन्हा वाद व्हायची चिन्हं दिसायला लागली. तेव्हा आमचे हे मागून म्हणाले, "आधी हिचंच विचारा. नाही येणार म्हणा, पण सुरुवात तरी होईल. मला भूक लागलीय." मी लटकं रागावले. लटकंच, कारण मनातून गुदगुल्या झाल्या होत्या. पाकळी लावली, विचारलं. बघता बघता ती सुटली आणि तिरकी होत, अगदी लगबगीनं, देवाच्या उजव्या हाताकडे जाऊन पडली. बँकवाले गप्प, फौजी गप्प. ह्यांची भूकसुद्धा गेली असावी.

त्यानंतरच्या माझ्याबद्दल काय सांगू? एखाद्या बाईनं आरशासमोर उभं राहून पदर सारखा करावा आणि आरशालाच "बस" म्हणावं, तशी मी वागायला लागले. पायऱ्या चढताना मान ताठ. आरतीत माझा आवाज सगळ्यांच्या वर, कारण वरून हुकूमच तसा. त्या वर्षी मी फर्मान काढलं की नैवेद्याला घरोघरी उकडीचेच मोदक हवेत, तळलेले चालणार नाहीत. जयपुरातल्या तांदळाच्या पिठीला हे फर्मान कुणी वाचून दाखवलं नव्हतं. ती भेगाळली. बायका माझ्यासमोर फुटक्या मोदकांची ताटं घेऊन उभ्या, आणि मी म्हणतेय, "भाव कमी पडला." नागपूरच्या काकू डबा झाकत म्हणाल्या, "भाव नाही जी, मोहन कमी पडलं." त्या पुढच्या वर्षी आल्याच नाहीत. मला वाटलं बदली झाली. पुढे कित्येक महिने त्या मला बापू बाजारात दिसत होत्या.

घरीही तेच. कचरा कुणी बाहेर ठेवायचा यावरून कुरबूर झाली तर मी म्हणायचे, "मला मंडळाची कामं आहेत, मला नेमलंय." हे हात जोडायचे, "व्हय म्हाराजा, आणि दूध कोण आणणार म्हाराजा?"

गोष्टीतल्या राज्यात राजा निपुत्रिक मेला की हत्तिणीच्या सोंडेत माळ देतात. ती गर्दीतून चालत जाते आणि ज्याच्या गळ्यात घालते तो राजा. ही गोष्ट मला तेव्हा फार आवडायची, मुलाला रोज झोपताना सांगायचे. आमेरच्या रस्त्यावर हत्ती दिसला की मुलगा विचारायचा, "हिनंच तुला माळ घातली?" मी नाही म्हणत नसे. त्या राजाच्या खिशात केळी होती का, हे कधी माझ्या मनात आलं नाही.

ह्यांचं आजारपण सुरू झालं तेव्हा मी गादी सोडली. सोडली म्हणजे कौल लावायचं काम माझ्याकडे ठेवून सोडली. छावणीतून निवृत्त होऊन इथेच राहिलेले एक कर्नलसाहेब होते, मूळचे साताऱ्याचे, त्यांचं नाव विचारलं. पाकळी उजवीकडे. तेव्हापासून दर अक्षय तृतीयेच्या सुमारास सभा भरते, मी विचारते, "म्हाराजा, साहेबांनाच ठेवायचं काय?" आणि पाकळी उजवीकडे पडते. दुसरं नाव कुणी काढलंच नाही.

माणूस वाईट नाही हो. मूर्तीला तेल लावायचं तर स्वतः बाह्या सावरून लावतील. कुणाच्या घरी आजारपण असलं तर सगळ्यांच्या आधी यांची गाडी दारात. पण कौलाला ते पोस्टिंगच्या ऑर्डरसारखं मानत. "वहिनी, हुकूम आला की माणसानं प्रश्न काढायचा नसतो बघा." आणि मग दुसऱ्यानं काढलेला प्रश्नही त्यांना चालेना.

तरुण कुटुंबं सगळी तिकडे जगतपुऱ्याला. कॉलेजांत शिकवणारी, नव्या फ्लॅटांत राहणारी. तिथून चारदीवारीत यायचं, स्कूटर लांब कुठेतरी लावायची, कडेवर मूल, वर ऊन. हळूहळू ती येईनाशी झाली. माझी सून इथेच जन्मली-वाढली. तिच्या मराठीत मधूनमधून हिंदी येतं, पण गणपतीत मराठी गाणी बसवायची तिला भारी हौस. ती साहेबांकडे गेली. म्हणाली, यंदाचा उत्सव जगतपुऱ्यात करू, तिथल्या माझ्या मैत्रिणीच्या सोसायटीत हॉल आहे. साहेब म्हणाले, "बेटा, कौलात तसं काही आलेलं नाही."

घरी आली ती पर्स सोफ्यावर टाकून म्हणाली, "आई, मी अध्यक्षपदाला उभी राहणार. आणि ऐका, माझं नाव तुम्ही देवाला विचारायचं नाही."

"मग कुणाला विचारू, केंद्र सरकारला?"

"लोकांना. हात वर करू द्या ना. मुझे भगवान की सिफारिश नको."

"अगं, रीत आहे ती."

"आई, एक सांगा. इतक्या वर्षांत ती पाकळी कधी डावीकडे पडलीय?"

मी तिची पर्स उचलून खुंटीला लावली.

रात्रभर वर्षं मोजली, एकही डावी आठवेना. दुसऱ्या दिवशी, म्हणजे त्या गुरुवारी, आम्ही दोघी सभेच्या तयारीला हॉलवर गेलो. ती खाली चौकीदाराशी खुर्च्यांचं बोलत होती. मी वर एकटी. खिडकीतला कूलर लावला, कारण वैशाखातलं ऊन, आणि मूर्तीसमोर उभी राहिले. बोटं शिवशिवत होती. म्हटलं, घरचाच प्रश्न विचारू. डॉक्टर दोन वर्षं गुडघ्याचं ऑपरेशन करा म्हणून मागे लागलेत. पाकळी लावली. "म्हाराजा, ऑपरेशन करू काय?" पाकळी उजवीकडे. घाबरले. दुसरी लावली. "म्हाराजा, नको ना करू?" उजवीकडे.

मी वळून खिडकीकडे बघितलं. कूलर देवाच्या डाव्या हाताला. तो त्याच खिडकीत आहे, आम्ही हॉल घेतला तेव्हापासून; बदलला तरी नवा तिथेच बसतो, कारण पाण्याचा नळ त्याच बाजूला. वारा डावीकडून उजवीकडे. जाऊन बटण बंद केलं आणि तिसरी पाकळी लावली. ती चिकटून बसली. मी भिंतीला टेकून बघत राहिले, ती ढिम्म. सून जिना चढून आली, म्हणाली, "आई, इतक्या गरमीत कूलर बंद? चेहरा बघा कसा झालाय."

गावच्या देवळात कूलर नव्हता, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. माझं इतक्या वर्षांचं राज्य त्या पत्र्याच्या खोक्यानं दिलेलं. त्या दिवशी ह्यांना भूक लागली नसती आणि पहिलं नाव नागपूरच्या काकूंचं निघालं असतं, तर घरोघरी तळलेले मोदक झाले असते, चांगले खुसखुशीत.

आता कळलं ना मी फ्रिज का उघडत होते? रविवारी कूलर चालूच असणार. जे नाव मी आधी विचारीन ते निवडून येणार. साहेबांचं आधी विचारलं तर साहेब, सुनेचं आधी विचारलं तर सून. ती नको म्हणाली होती, पण देवानं दिलं तर नाही कसं म्हणेल? जगतपुऱ्याचा गणपती, पोरांची गाणी, सगळं माझ्या एका बोटावर. शुक्रवारी ठरवलं, सुनेचं आधी. संध्याकाळी वाटलं, छे, गप्प बसावं, साहेबांचं वय झालंय. शनिवारी पुन्हा सुनेचं. चहात मीठ घातलं त्या दिवशी.

शनिवारीच तिला चाचपून बघितलं. "समज, चुकून मी तुझं नाव विचारलं, आणि आला कौल?"

ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "मग मी काही बोलले तर लोक माझं ऐकतील. बरोबर आहे म्हणून नाही, पाकळी पडली म्हणून. आणि काही वर्षांनी मीही साहेबांसारखीच बोलायला लागेन." मग माझ्याकडे बघून, हसू दाबत, "किंवा तुमच्यासारखी. यांनी मला मोदकांचं सांगितलंय."

यांनी म्हणजे माझ्या दिवट्या चिरंजीवांनी.

रविवारी हॉल बराच भरला होता. जुने सगळे, आणि सुनेनं फोन करकरून आणलेले जगतपुऱ्याचे काही. साहेब पांढऱ्या शर्टात पुढच्या खुर्चीत. कूलर घरघरत होता. मी मूर्तीपुढे उभी राहिले. पाकळी बोटात ओली करून घेतली, आणि खरं सांगते, तोवर मला ठाऊक नव्हतं मी काय विचारणार ते.

"बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे.

"मागे तू मला या मंडळाची अध्यक्ष नेमलंस. ते तू बरोबर केलंस काय, म्हाराजा?"

कुजबूज झाली. साहेबांनी भुवया वर केल्या. पाकळी उजवीकडे गेली. दोन-चार जण मायेनं हसले. म्हातारीला शाबासकी हवीय, असं वाटलं असणार.

मी दुसरी पाकळी लावली. "म्हाराजा, ती तुझी घोडचूक झाली काय?"

उजवीकडे.

जगतपुऱ्याची पोरं आधी हसली, मग सगळा हॉल. मीही हसले. साहेब हसले नाहीत. ते उठले. पाकळी पडली होती तिथे आले, वाकून बघितलं, मग मान वळवून खिडकीकडे. त्यांच्या मानेवरची शीर उडत होती. मला वाटलं, आता हे जिना उतरून निघून जातात, आणि परत येत नाहीत. सुनेनं पदर गच्च धरला होता.

ते चालत खिडकीशी गेले आणि कूलर बंद केला. म्हणाले, "आता विचारा वहिनी. माझंच नाव विचारा."

विचारलं. पाकळी कपाळावर बसून राहिली. साहेब मूर्तीसमोर हात पाठीशी बांधून, पाय जुळवून उभे. हॉलमध्ये उकाडा दाटला. बायकांनी पदरानं वारा घ्यायला सुरुवात केली, तशी त्यांनी नुसती मान वळवली. पदर थांबले. त्यांच्या शर्टाची पाठ भिजून काळपट झाली. कुणाचं तरी मूल रडायला लागलं, त्याला जिन्यात नेलं. पाकळी तशीच.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "हुकूम आलेला नाही." कुणाशी बोलले कळलं नाही. मग सुनेकडे वळून, "तू हात वर करायचं म्हणत होतीस ना, बेटा?"

हात वर झाले. साहेबांच्या बाजूनं जास्त. थोडेच जास्त, पण जास्त. जुनी माणसं त्यांना जीव लावून आहेत, आणि जगतपुऱ्याची निम्मी माणसं उन्हाला भिऊन आलीच नव्हती. माझा हात सुनेच्या बाजूनं होता, दोन्ही वर केले तर एकच मोजला. साहेबांनी आभार मानले नाहीत. ज्यांचे हात खाली राहिले होते त्यांच्याकडे ते एकेक करून बघत होते, नवीन माणसं दिसल्यासारखे.

ई-रिक्षात सून गप्प होती. जोहरी बाजार गेला तरी गप्प. मी म्हटलं, "मी आधी तुझं नाव घ्यायला हवं होतं." ती म्हणाली, "तुम्ही घेतलं असतं तर मी आत्ता तुमच्याशी बोलले नसते." म्हणजे ही बोलत होती तर. जरा पुढे गेल्यावर म्हणाली, "पुढच्या साली त्या सगळ्यांना घरून उचलून आणते. पण तोवर गणपती इथेच, आई. पोरं याही वर्षी नाहीत."

घरी आले तरी चैन नाही. पाकळी तशीच राहिली होती. कुलूप लावून आलो, पण ती पडली असेल का? पडली असेल तर कुणीकडे? वाऱ्याचा प्रश्न नव्हता आता. कूलर बंद, खिडक्या बंद. आता जे पडेल ते खरं. पुन्हा मनाशी म्हटलं, म्हातारे, अजून अक्कल आली नाही का? नव्हती आली. सकाळी सुनेला सांगितलं, डबा हॉलवर विसरला, आणि ऑटो करून निघाले.

जिना चढून जाते तर साहेब दाराशी. चौकीदार कुलूप काढत होता.

"वहिनी, तुम्ही?"

"डबा राहिला. तुम्ही?"

"चष्मा राहिला."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. माझा डबाही घरी ओट्यावर होता.

आत गेलो. पाकळी कपाळावरच होती. कडेनं वाळून तपकिरी झालेली, मधे चिकटलेली. आम्ही दोघं तिच्यासमोर शाळेतल्या पोरांसारखे उभे. मी हळूच गाल फुगवले.

"वहिनी," ते म्हणाले.

मी गाल आत घेतले.

ते खुर्चीत बसले. रात्री झोप नाही लागली, म्हणाले. इतकी वर्षं लागत होती. "ज्यांनी हात वर केले नाहीत, त्यांना काय पाहिजे वहिनी?"

"मला काय विचारता? मी कौल लावणारी बाई. त्यांना विचारा."

त्यांनी खिशातून फोन काढला आणि माझ्याकडून सुनेचा नंबर घेतला. स्पीकर लावता येत नव्हता तो मी लावून दिला.

"बेटा, तो तुझा जगतपुऱ्याचा हॉल," ते म्हणाले, मग घसा साफ केला. "बघायला कधी येऊ?"

पलीकडे मिक्सर बंद झाल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "आज संध्याकाळी? मी स्कूटरवरून घेऊन जाते तुम्हाला, काका."

"आणि कूलर कुठल्या बाजूला आहे तिथे?"

"काका, तिथे एसी आहे."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. मग ते उठले, मूर्तीजवळ गेले, आणि नखानं ती पाकळी अलगद सोडवून माझ्या तळहातावर ठेवली. मी ती केसांत खोवायला गेले, पण ती इतकी वाळली होती की बोटातच चुरा झाली.